वायपरचे निदान : पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

बिघडलेला वायपर दुरुस्त करण्याच्या दोन रीती पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात शेजारी शेजारी नांदतात, आणि त्यांच्यातील मतभेद कौशल्याच्या कमी-अधिकपणाचा नसून कामाकडे पाहण्याच्या दृष्टीचा आहे. १९६० च्या दशकात पिंपरीत टेल्को आणि आकुर्डीत बजाज ऑटो यांचे कारखाने उभे राहिले, पुण्यात १९६६ साली वाहन संशोधनासाठी एआरएआय ही संस्था आणि पाठोपाठ भोसरीत सार्वजनिक वाहतुकीच्या अभ्यासासाठी सीआयआरटी स्थापन झाली, आणि २००९ मध्ये फोक्सवागन व मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने चाकणला सुरू झाले. अशा कारखान्यांत दोष आढळला की त्याचे कारण नोंदवल्याखेरीज प्रकरण बंद होत नाही. पुणे-नाशिक आणि तळेगाव-चाकण रस्त्यांच्या कडेला असलेल्या गॅरेजांत मात्र दोष म्हणजे उभी राहिलेली गाडी, आणि गाडी हलली की प्रकरण तिथेच संपते.

भारतीय तर्कपरंपरेत प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पूर्ण बळाने मांडायचे आणि मगच त्याचा परामर्श घ्यायचा असा संकेत आहे. पहिल्या मांडणीला पूर्वपक्ष आणि दुसरीला उत्तरपक्ष म्हणतात. पुढील संवादात पूर्वपक्ष मांडणारा आहे वाहनांच्या विजेची कामे करणारा मिस्त्री आणि उत्तरपक्ष मांडणारा आहे कारखान्याच्या गुणवत्ता विभागातील अभियंता. दोघेही प्रातिनिधिक आहेत आणि दोघांचाही विषय एकच आहे : वायपर चालेनासा झाला, तर सुटा भाग बदलावा की कारण शोधावे?

पूर्वपक्षाची मांडणी

मिस्त्री : साहेब, मृगाची पहिली सर पडली की गॅरेजसमोर रांग लागते, कारण ऑक्टोबरपासून ज्या वायपरला कोणी हात लावलेला नसतो, त्याची आठवण सगळ्यांना त्याच दिवशी होते. ट्रकवाल्याला रात्रीच खंडाळ्याचा घाट उतरून माल पोहोचवायचा असतो, आणि गाडी उभी राहिली की भाडे बुडते. अशा वेळी बिघाडाची मीमांसा करत बसणे म्हणजे गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवणे होय. रबर गेले असेल तर पट्टी बदलावी, मोटर बंद असेल तर मोटर बदलावी, रिले गेला असेल तर रिले बदलावा. नवा भाग बसला की काच पुसली जाते, आणि गिऱ्हाइकाला हवे असते तेही तेवढेच.

अभियंता : मिस्त्री, तुमच्या म्हणण्यातील निकड नाकारता येणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनीही शक्तीवर चालणारा कार्यक्षम वायपर आवश्यक मानला आहे, आणि व्यावसायिक वाहनाच्या पासिंगच्या वेळी, म्हणजे योग्यता तपासणीच्या वेळी, तो चालू स्थितीत आहे की नाही हे पाहिले जाते. पण मोटर बंद आहे आणि मोटर बिघडली आहे ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले विधान लक्षणाविषयी आहे आणि दुसरे कारणाविषयी; लक्षणावरून थेट कारणावर उडी मारली, तर चांगली मोटर भंगारात जाते आणि दोष गाडीतच राहतो.

रबराची पट्टी

वादाची सुरुवात सर्वांत स्वस्त भागापासून होते, कारण वायपरविषयीच्या तक्रारी बहुधा काचेवरच दिसतात. वायपरची पट्टी काचेवर आडवी पडलेली नसून तिच्या रबराची पातळ कड मागे झुकून काचेवरून घसरत असते, आणि हात दिशा बदलतो तेव्हा ही कड दुसऱ्या बाजूला उलटते. पट्टीचे काम चोख होणे या उलटण्यावर अवलंबून असते.

मिस्त्री : रबराच्या बाबतीत तरी वाद नसावा. एप्रिल-मेच्या उन्हात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचे रबर कडक होते, त्याची कड एकाच बाजूला झुकून तशीच बसते, आणि मग वायपर जाताना काच स्वच्छ पुसतो पण येताना कटकट करतो. ते रबर पुन्हा मऊ होत नाही; बदलावेच लागते.

अभियंता : रबर हा झिजण्यासाठीच बनवलेला भाग आहे, त्यामुळे तो बदलण्याला कोणाचा आक्षेप नसावा. तरीही तक्रारींचे प्रकार वेगळे ओळखले पाहिजेत. काचेवर एकच बारीक रेघ राहत असेल, तर रबराच्या कडेला तेवढ्या ठिकाणी चीर पडलेली असते किंवा खडा अडकलेला असतो, आणि कडेवरून नख फिरवले तर ती जागा हाताला लागते. सगळी काच धूसर होत असेल आणि समोरून येणाऱ्या दिव्यांभोवती वलय दिसत असेल, तर दोष बहुधा रबराचा नसून काचेवर साचलेल्या थराचा असतो. डिझेलचा धूर, रस्त्यावरचे तेल, ट्रकांनी उडवलेली बारीक धूळ आणि गाडी धुताना चमक यावी म्हणून लावलेले मेण यांचा हा चिवट थर नव्या पट्टीनेही निघत नाही. काच साबणाच्या पाण्याने आणि नंतर स्पिरिटने पुसून तिच्यावर पाणी ओतावे; पाणी सलग पसरले तर काच स्वच्छ झाली, ठिपक्याठिपक्यांनी तुटले तर थर अजून शिल्लक आहे, असे समजावे.

मिस्त्री : मग कटकटीचेही पुरते ऐकून घ्या. नवी पट्टी टाकूनही कटकट थांबत नाही अशा गाड्या येतात, आणि मालक पट्टीच्या कंपनीला शिव्या देतो. प्रत्यक्षात गाडी धुणाऱ्याने किंवा फडका मारणाऱ्याने वायपरचा हात ओढून पिळलेला असतो. हात काचेच्या मधोमध आणून थांबवावा आणि पट्टी काचेवर काटकोनात उभी आहे का ते बाजूने डोळा लावून पाहावे. तिरकी असेल तर दोन पकडींनी हाताला किंचित पीळ देऊन ती सरळ करावी. यात कुठलाही सुटा भाग लागत नाही.

येथे पूर्वपक्ष स्वतःच आपल्या सूत्राबाहेर गेला आहे, ही गोष्ट उत्तरपक्षाच्या नजरेतून सुटत नाही. ज्याने आयुष्यभर भाग बदलले, त्यालाच भाग न बदलता सुटणारे दोष सर्वांत जास्त ठाऊक असतात. फरक एवढाच की हे ज्ञान तो पद्धत म्हणून मांडत नाही.

वीज, मोटर आणि सांधे

अमेरिकेत मेरी अँडरसन यांना १९०३ साली ज्या वायपरचे पेटंट मिळाले, तो चालकाने आतून दांडा ओढून चालवायचा होता. आजच्या वायपरमागे मात्र चार टप्पे असतात. स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून आणि फ्यूजमधून वीज मोटरकडे जाते. मोटरच्या आसावरील वर्मगिअर, म्हणजे मळसूत्री आट्यांचा दंड, दातेरी चाकाला हळू पण जोरकस फिरवतो. त्या चाकाला जोडलेल्या क्रँकमुळे लिंकेजच्या पट्ट्या पुढे-मागे सरकतात. आणि त्या पट्ट्या दोन खुंट्या अर्धवर्तुळात डोलवतात, ज्यांच्यावर वायपरचे हात बसवलेले असतात. कारमध्ये ही मोटर १२ व्होल्टवर आणि मोठ्या ट्रक-बसमध्ये २४ व्होल्टवर चालते.

अभियंता : या चार टप्प्यांपैकी दोष कोणत्या टप्प्यात आहे, हे पाना हातात घेण्यापूर्वीच बरेचसे कळते. चावी चालू करून वायपर प्रत्येक गतीवर चालवून पाहावा आणि कान द्यावा. मोटरचा आवाज येतो पण हात हलत नाहीत, तर वीज ठीक आहे आणि दोष क्रँकच्या ढिल्या नटमध्ये किंवा निखळलेल्या लिंकेजमध्ये आहे. एक हात चालतो आणि दुसरा नाही, तर त्या हाताच्या खुंटीवरचे दाते झिजले आहेत किंवा त्या बाजूच्या पट्टीचा गोळ्याचा सांधा सुटला आहे. जलद गती चालते पण संथ चालत नाही, तर मोटरमधील संथ गतीचा कार्बन, म्हणजे ब्रश, झिजला आहे किंवा तिथपर्यंतची वायर तुटली आहे. कारण दोन गतींच्या मोटरमध्ये तीन कार्बन असतात आणि तिसरा कार्बन तिरक्या जागी बसवलेला असल्यामुळे त्यातून वीज दिली की मोटर जास्त वेगाने फिरते. संथ आणि जलद दोन्ही चालतात, फक्त थांबून-थांबून चालण्याची सोय बंद आहे, तर रिलेकडे वळावे.

थांबून-थांबून पुसण्याची ही सोय अमेरिकेतील अभियंते रॉबर्ट कर्न्स यांनी १९६० च्या दशकात ट्रान्झिस्टर, कपॅसिटर आणि रोध यांच्या जुळणीतून विकसित केली, आणि पुढे तिच्या हक्कांसाठी त्यांनी फोर्ड कंपनीशी दिलेला न्यायालयीन लढा बराच गाजला. कपॅसिटर भरायला लागणारा वेळ हाच दोन फेऱ्यांमधील विराम ठरतो, ही त्यामागची कल्पना होय. निदानाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की ही जुळणी मोटरच्या बाहेर असते, आणि म्हणून केवळ ही सोय बंद पडली असता मोटर बदलणे निरर्थक ठरते.

मिस्त्री : आणि वायपर बंद केल्यावर तो काचेच्या मध्येच उभा राहिला तर?

अभियंता : तर पार्किंगचा संपर्क तपासावा. दातेरी चाकावर पत्र्याची चकती असते. चालकाने स्विच बंद केला तरी ही चकती हात खाली येईपर्यंत मोटरला वीज देत राहते, आणि हात जागेवर आला की वीज तोडून मोटरची दोन टोके एकमेकांना जोडते, त्यामुळे मोटर जागच्या जागी थांबते. त्या चकतीवरचे ग्रीस वाळले किंवा संपर्काची पाती झिजली की हात मध्येच अडकतो. पुष्कळदा मोटरचे झाकण उघडून ही जागा साफ केली तरी काम भागते.

मिस्त्री : हे सर्व कानाने कळते हे खरे, पण पूर्ण बंद असलेल्या वायपरचा काही आवाजच नसतो. तिथे फ्यूज पाहायचा, मग मोटरचा कपलर काढून बॅटरीवरून डायरेक्ट सप्लाय द्यायचा. मोटर फिरली तर दोष वायरिंगमध्ये, नाही फिरली तर मोटरमध्ये. यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत.

अभियंता : हीच तर पद्धत आहे. डायरेक्ट सप्लाय देणे म्हणजे संपूर्ण यंत्रणेचे मधोमध दोन भाग करून एका भागाला दोषमुक्त ठरवणे, आणि कारखान्यातील तपासणीही याच तत्त्वावर चालते. त्यात एकच भर घालावी. कपलर काढून उघड्या वायरीवर मल्टीमीटर लावला आणि १२ व्होल्ट दिसले, म्हणून वायरिंग ठीक आहे असे समजू नये. पाइप जवळजवळ बुजला असला तरी नळ बंद असताना दाब पुरेपूर दिसतो आणि नळ सोडला की धार बारीक होते, तसेच विजेचे आहे. दहा तारांपैकी एकच शाबूत असलेली वायरही मीटरला पूर्ण १२ व्होल्ट दाखवते, कारण मीटर जवळजवळ विद्युतप्रवाह घेतच नाही.

मिस्त्री : म्हणूनच गॅरेजमध्ये मीटरऐवजी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब वापरतात. बल्ब झगझगीत पेटला तर वायर भक्कम, मंद पेटला तर कुठेतरी गंज.

अभियंता : या ठिकाणी तुमचा बल्ब मीटरपेक्षा सरस आहे, हे मान्य करायला हवे, कारण तो खरा भार टाकतो. मीटर वापरायचाच असेल, तर वायपर चालू ठेवून मोटरच्या अर्थिंगच्या टोकापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंतचे व्होल्ट मोजावेत. ते अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त भरले, तर अर्थिंगमध्ये अडथळा आहे. आवाज कमी व्हावा म्हणून कित्येक गाड्यांत मोटर रबरी बुशांवर बसवलेली असते. तिला अंगच्या पत्र्यातून अर्थिंग मिळत नाही, वेगळी वायर लागते, आणि तिच्या बोल्टखाली गंज चढला की वायपर रखडत चालतो. तो किती रखडतो हेही घड्याळ लावून मोजता येते : अमेरिकेच्या सुरक्षा मानकानुसार जलद गतीला मिनिटाला किमान ४५ फेऱ्या व्हाव्या लागतात आणि दोन गतींत किमान १५ फेऱ्यांचा फरक असावा लागतो. फेऱ्या यापेक्षा फारच कमी पडत असतील, तर आधी क्रँकचा सांधा सोडवून हात हाताने हलवून पाहावेत. ते जड वाटले तर खुंट्या गंजाने धरल्या आहेत, सहज हलले तर विजेकडे पाहावे. सांधा सोडवताना आणि हात हलवताना फ्यूज काढून ठेवावा, कारण लिंकेजमध्ये बोट असताना मोटर सुरू झाली तर बोट वाचत नाही.

कारणाच्या मागचे कारण

दोष सापडला म्हणजे निदान संपले का, हा वादाचा खरा मुद्दा आहे. जपानच्या टोयोटा कंपनीत तायिची ओनो यांनी रूढ केलेली आणि चाकणच्या कारखान्यांतून आज सर्वपरिचित असलेली पद्धत अशी की, प्रत्येक उत्तरावर पुन्हा ‘का?’ असे विचारावे आणि पाच वेळा तरी विचारावे, म्हणजे लक्षणाकडून मुळाकडे जाता येते.

अभियंता : निगडी प्राधिकरणात गुलमोहराखाली उभ्या राहणाऱ्या एखाद्या कारचे उदाहरण घ्या. मोटर बंद आहे, का? आत पाणी शिरून कार्बन आणि बेअरिंग गंजले. पाणी का शिरले? बॉनेटच्या मागच्या जाळीखालील पन्हळीत ते साचून राहिले. का साचले? पन्हळीचे भोक बुजले. का बुजले? गुलमोहराची बारीक पाने त्यात बसली. आता नवी मोटर टाकून गाडी परत दिली आणि ते भोक तसेच राहिले, तर दुसरी मोटरही त्याच पाण्यात बसणार आहे.

मिस्त्री : आणि गिऱ्हाईक म्हणणार, मिस्त्रीने डुप्लिकेट माल टाकला.

अभियंता : फ्यूजचेही तसेच आहे. २० अँपिअरचा पिवळा फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याच्या जागी ३० अँपिअरचा हिरवा टाकला, तर गाडी त्या दिवशी चालते; पण फ्यूज उडत होता तो खुंट्या अडकून मोटरवर भार येत असल्यामुळे. आता फ्यूज उडत नाही आणि त्याऐवजी वायर तापते.

मिस्त्री : हिरवा फ्यूज टाकणे चूक आहे, त्याचे समर्थन कोणी करणार नाही. तरी एक गोष्ट साहेबांनी सांगावी. असेंब्ली लाइनवर एखादे मशिन बंद पडले, तर पाच वेळा ‘का’ विचारून होईपर्यंत लाइन थांबवून ठेवतात का?

अभियंता : नाही. आधी तात्पुरती उपाययोजना होते, म्हणजे भाग बदलून किंवा पर्यायी व्यवस्था करून काम सुरू केले जाते; कायमस्वरूपी उपाययोजना नंतर, काढलेल्या भागाची चिरफाड करून ठरते.

मिस्त्री : मग गॅरेजने पहिला अर्धा भाग केला, एवढाच त्याचा दोष.

हा प्रतिप्रश्न वादाला वळण देणारा आहे, कारण त्यामुळे दोन पक्षांतील अंतर तत्त्वाचे न राहता वेळेच्या वाटणीचे उरते. भाग बदलणे आणि कारण शोधणे या एकाच कामाच्या दोन पायऱ्या आहेत. पट्टीसारखा झिजण्यासाठीच बनलेला भाग झिजला असेल, तर दुसऱ्या पायरीची गरज नसते. मोटर, लिंकेज किंवा वायरिंग यांसारखा भाग अकाली गेला असेल, तर पहिल्या पायरीवर थांबणे धोक्याचे असते. नव्या गाड्यांत हा भेद आणखी तीव्र होतो. काचेच्या आतून चिकटवलेला पाऊस ओळखणारा सेन्सर काचेतून अवरक्त किरण सोडतो आणि बाहेरच्या थेंबांमुळे परत येणारा प्रकाश किती घटला यावरून वायपर चालवतो. काच बदलताना त्याच्या चिकट थरात हवेचा बुडबुडा राहिला, तर कोरड्या दिवशीही वायपर आपोआप फिरू लागतो, आणि तिथे मोटर, रिले, स्विच यांपैकी काहीही बदलून उपयोग होत नाही.

बिलाचा प्रश्न

अभियंता : मग दुसरी पायरी गॅरेजमध्ये का होत नाही? ज्ञान तर आहे. बल्बची चाचणी, हाताचा पीळ, डायरेक्ट सप्लाय, हे सर्व तुमच्याकडूनच ऐकायला मिळाले.

मिस्त्री : कारण तिचे पैसे कोणी देत नाही, साहेब. मोटर बदलली तर बिलावर मोटर दिसते, मजुरी दिसते, आणि गिऱ्हाईक कुरकुरत का होईना पैसे देते. अर्धा तास घालवून गंजलेला अर्थिंगचा बोल्ट शोधला, घासून पुन्हा आवळला, तर गिऱ्हाईक विचारते, ‘नुसता बोल्ट आवळायचे एवढे?’ कारखान्यात कारण शोधणाऱ्याला पगार मिळतो. रस्त्यावर कारण शोधणाऱ्याचे काम बिलात लिहायला जागाच नाही.

उत्तरपक्षाजवळ याचे तांत्रिक उत्तर नाही, आणि ते नसणे हेच या वादाचे फलित आहे. गॅरेजची ‘बदलून टाका’ ही रीत अज्ञानातून आलेली नसून ती बिलाच्या रचनेतून आली आहे : ज्या व्यवहारात वस्तूला किंमत असते आणि वस्तू वाचवणाऱ्या निदानाला नसते, त्या व्यवहारात वस्तू जास्त खपणे अटळ आहे. त्यामुळे मिस्त्रीला पद्धत शिकवण्याने हा प्रश्न सुटणार नाही. गॅरेजने तपासणीचा दर कामाआधी सांगावा आणि बिलात तो स्वतंत्र ओळीत लिहावा. काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाला दाखवून तो का गेला हे एका वाक्यात नोंदवावे. आणि वाहनमालकाने ‘कोणता भाग बदलला?’ या प्रश्नाबरोबर ‘तो का बिघडला?’ हा प्रश्नही विचारावा व त्याच्या उत्तराचे पैसे द्यावेत. पट्टीच्या बाबतीत हा खर्च वाया जाईल, हे पूर्वपक्षाचे म्हणणे बरोबर आहे, आणि तिथे तो मागूही नये. मोटरच्या बाबतीत मात्र तपासणीची मजुरी दुसऱ्या मोटरच्या किमतीपेक्षा बहुधा कमीच भरते, आणि हा हिशेब गिऱ्हाइकाला पटला तर कारण शोधणे मिस्त्रीलाही परवडेल.